नाव तेच, माणूस निराळा

आमच्या वर्गात माझ्या नावाची आणखी एक मुलगी आहे. नाव तेच, आडनावही तेच. फरक काय तो वडिलांच्या नावात. त्यामुळे हजेरी घेताना सर तिला ‘पहिली’ आणि मला ‘दुसरी’ म्हणतात. आता मैत्रिणीही तसेच म्हणू लागल्या आहेत. प्रथम वर्षाला असताना तिने उशिरा परत केलेल्या कादंबरीचा दंड मी भरला. पुढे माझ्या चाचणीचे गुण तिच्या नावापुढे लागले. गुण अर्ज करून परत मिळाले, दंड मिळाला नाही. असो. सांगायचे एवढेच की, नामसाधर्म्य हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तोच माझ्या मागे लागलेला आहे.

यंदा द्वितीय वर्षाला आम्हाला अमेरिकेचा इतिहास आहे. सहामाही परीक्षेत यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर प्रश्न होता. मी मोठ्या उत्साहाने लिहिले की, लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सनने लिंकनचे अपुरे राहिलेले कार्य पुढे नेले आणि कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारा कायदा केला. पेपर हातात आला तेव्हा समासात तांबड्या शाईने दोनच शब्द लिहिलेले होते : “कोणता जॉन्सन?” स्वतः वर्गातली ‘दुसरी’ असून मी दुसऱ्याचे श्रेय पहिल्याला देऊन मोकळी झाले होते! तास संपल्यावर भीतभीतच सरांकडे गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “ग्रंथालयात जा आणि दोघांनाही नीट भेटून ये. वाटेत असे आणखी पुष्कळ भेटतील.” ते भेटले. त्यांपैकी काहींची ओळख येथे करून देत आहे.

पहिला जॉन्सन म्हणजे अँड्र्यू. त्याचा जन्म १८०८ साली उत्तर कॅरोलायना राज्यातील रॅली या गावी झाला. वडील तो तीन वर्षांचा असतानाच वारले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. आईने त्याला एका शिंप्याकडे उमेदवारीला ठेवले. १८२४ साली तो तेथून पळाला, तेव्हा त्या शिंप्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, पळालेल्या उमेदवाराला पकडून आणणाऱ्यास १० डॉलर बक्षीस मिळेल. पुढे टेनेसी राज्यातील ग्रीनव्हिल गावी त्याने स्वतःचे शिवणकामाचे दुकान थाटले. अठराव्या वर्षी त्याचे लग्न झाले आणि सोळा वर्षांच्या बायकोने, एलायझाने, त्याला लिहिणे आणि हिशेब करणे शिकवले. येथपर्यंत वाचले तेव्हा हा माणूस मला अगदी आपला वाटू लागला. माझी आई सही करायला शिकली ती मी चौथीत असताना, माझ्याच वहीच्या मागच्या पानावर. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शिंप्याच्या दुकानातून थेट व्हाइट हाउसमध्ये गेलेल्या या माणसाविषयी मला विलक्षण आपुलकी वाटली.

परंतु पुढची पाने वाचताना ती आपुलकी टिकली नाही. अँड्र्यू जॉन्सन शूर होता यात शंका नाही. दक्षिणेकडची राज्ये संघराज्यातून फुटून निघाली तेव्हा त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी आपली जागा न सोडणारा तो एकटाच निघाला. म्हणूनच लिंकनने १८६४ च्या निवडणुकीत त्याला उपाध्यक्षपदासाठी बरोबर घेतले. पण बड्या जमीनदारांविषयी त्याला जो राग होता तो गरीब गोऱ्यांच्या वतीने होता. कृष्णवर्णीयांना त्या रागात वाटा नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते. १५ एप्रिल १८६५ रोजी तो अध्यक्ष झाला. मुक्त झालेल्या गुलामांना कसण्यासाठी मिळालेल्या जमिनी त्याच वर्षी त्याने जुन्या मालकांना परत देवविल्या. १८६६ साली काँग्रेसने नागरी हक्कांचा कायदा मंजूर केला, तेव्हा त्याने त्यावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने दोनतृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढून कायदा अमलात आणला. म्हणजे ज्या कामाचे श्रेय मी त्याला दिले होते, नेमके तेच काम त्याने अडवून धरले होते! काँग्रेसशी त्याचे भांडण इतके विकोपाला गेले की, १८६८ साली त्याच्यावर महाभियोग चालला. ३५ विरुद्ध १९ असे मतदान झाले आणि दोनतृतीयांशाला एक मत कमी पडल्यामुळे त्याचे पद वाचले. १८७५ साली तो पुन्हा सिनेटवर निवडून आला. माजी अध्यक्ष सिनेटर झाल्याचे अमेरिकेच्या इतिहासात हे एकमेव उदाहरण आहे. त्याच वर्षी तो वारला.

गरिबीतून वर आलेला, शाळा न पाहिलेला माणूस आपल्याहून खाली असलेल्याचे दुःख जाणेल असे मी मनाशी धरून चालले होते. ते का धरले होते, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

दुसरा जॉन्सन म्हणजे लिंडन. पहिल्याच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९०८ साली, टेक्सासमध्ये तो जन्मला. दोघांचे एकमेकांशी काही नाते नाही. शिकत असताना पैशाची ओढाताण झाली म्हणून लिंडनने १९२८–२९ साली कॉटुला नावाच्या छोट्या गावात शिक्षकाची नोकरी केली. शाळा मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांची होती आणि पुष्कळ मुले सकाळी उपाशीच वर्गात येत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींचा खून झाल्यावर तो अध्यक्ष झाला. २ जुलै १९६४ रोजी त्याने नागरी हक्क कायद्यावर सही केली. १५ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी काँग्रेसपुढे भाषण करताना त्याला कॉटुलाच्या त्याच मुलांची आठवण झाली आणि ती त्याने भर सभागृहात सांगितली. तो कायदा ऑगस्टमध्ये झाला. नोव्हेंबरमध्ये तो सॅन मार्कोस येथील आपल्या जुन्या महाविद्यालयात गेला आणि गरीब विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी कर्ज व शिष्यवृत्ती देणाऱ्या कायद्यावर त्याने तेथेच सही केली. अध्यक्षाने सहीसाठी आपले जुने महाविद्यालय निवडावे ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या चरित्रात सर्वांत आवडली.

तथापि याच लिंडनने व्हिएतनामच्या युद्धात लाखो सैनिक धाडले, हेही विसरून चालणार नाही. १९६८ साली त्या युद्धावरून त्याच्याच पक्षातून त्याला आव्हान मिळाले ते सिनेटर यूजीन मॅकार्थी यांचे. येथे पुन्हा घोटाळा होण्याचा संभव आहे. कारण मॅकार्थी म्हटले की आठवतो तो विस्कॉन्सिनचा जोसेफ मॅकार्थी. १९५० पासून जिकडेतिकडे कम्युनिस्ट शोधत सुटलेला आणि निरपराध माणसांना आयुष्यातून उठवणारा तो हाच. ‘मॅकार्थीवाद’ हा शब्द त्याच्यावरून पडला. यूजीनचा त्या शब्दाशी काडीचाही संबंध नाही. बिचाऱ्याला आयुष्यभर किती जणांना हे समजावून सांगावे लागले असेल, याची कल्पना एक ‘दुसरी’च करू शकते.

दोन जॉन्सनांचा विषय निघालाच आहे तर एका यादीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. लिंकन आणि केनेडी यांच्यातील ‘चमत्कारिक योगायोगां’ची यादी पुष्कळांनी वाचली असेल. शाळेत असताना मी ती सामान्यज्ञानाच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती आणि पाठही केली होती. आता एकेक गोष्ट ताडून पाहिली. लिंकन १८४६ साली काँग्रेसवर निवडून आला आणि केनेडी १९४६ साली, हे खरे आहे. अध्यक्ष म्हणून एकाची निवड १८६० ची आणि दुसऱ्याची १९६० ची, हेही खरे. दोघांवर गोळी झाडली गेली तो वार शुक्रवार होता आणि दोघांच्या जागी जॉन्सन आले, हेही खरे. केनेडींच्या चिटणीस बाईंचे आडनाव लिंकन होते, हेसुद्धा खरे. पण लिंकनच्या चिटणिसाचे आडनाव केनेडी होते हे मात्र साफ खोटे. त्याचे चिटणीस दोन, एक निकोले आणि दुसरा हे. लिंकनचा मारेकरी बूथ १८३९ साली जन्मला आणि ऑस्वाल्ड १९३९ साली, असे त्या यादीत असते. वास्तविक बूथ १८३८ चा. चार खऱ्या गोष्टींच्या आडून दोन खोट्या कशा बेमालूम आत शिरतात पाहा! आणि गंमत अशी की, जी गोष्ट खरोखर विचार करण्यासारखी आहे ती यादीत नाहीच : एका जॉन्सनने नागरी हक्कांचा कायदा नाकारला आणि अठ्ठ्याण्णव वर्षांनी दुसऱ्या जॉन्सनने तशाच कायद्यावर सही केली.

बाकीच्या जोड्यांपैकी बऱ्याचशा घरातल्याच आहेत. जॉन ॲडम्स आणि जॉन क्विन्सी ॲडम्स हे बापलेक, दोघे जॉर्ज बुश हेही बापलेक. त्यांत आश्चर्य करण्यासारखे फारसे नाही. थिओडोर रूझवेल्ट आणि फ्रँकलिन रूझवेल्ट मात्र पाचव्या पिढीतले चुलतभाऊ, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत भाऊबंद. थिओडोरच्या सख्ख्या भावाची मुलगी एलिनॉर हिचे लग्न १७ मार्च १९०५ रोजी फ्रँकलिनशी झाले आणि वडील हयात नसल्यामुळे कन्यादान खुद्द अध्यक्ष असलेल्या काकांनी केले. लग्न होऊन सासरी गेली तरी एलिनॉरचे आडनाव बदलले नाही, कारण सासरचे आडनावही रूझवेल्टच! माझ्या थोरल्या बहिणीचे लग्नात आडनावच काय, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिले नावसुद्धा बदलले. त्यामुळे एलिनॉरची ही सोय मला हेवा करण्यासारखी वाटली.

विन्स्टन चर्चिल हे नाव ऐकले की डोळ्यांपुढे इंग्लंडचा पंतप्रधान उभा राहतो. पण १८९९ साली हे नाव घेतले की वाचकांना आठवत असे तो अमेरिकन कादंबरीकार. तो सेंट लुइसचा, इंग्रज चर्चिलहून तीन वर्षांनी मोठा, आणि ‘रिचर्ड कार्व्हेल’ या कादंबरीमुळे त्या वर्षी बराच गाजत होता. लोक एकाच्या लेखनाबद्दल दुसऱ्याचे अभिनंदन करू लागले, तेव्हा इंग्रज चर्चिलने त्याला सभ्यपणे पत्र लिहून कळवले की, यापुढे मी माझ्या लेखनावर ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करीन. पुढे जगाला मागे सारून नाव काढणाऱ्या माणसाने त्या वेळी आपण होऊन नाव बदलण्याची तयारी दाखवली होती.

सरन्यायाधीशांची जोडी तर आणखी मौजेची. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १७ मे १९५४ चा प्रसिद्ध निकाल ज्यांनी वाचून दाखवला, त्या सरन्यायाधीशांचे नाव अर्ल वॉरन. १९६९ साली ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी जे आले त्यांचे नाव वॉरन अर्ल बर्गर! जणू जुने नाव उलटे करून त्याला एक आडनाव जोडले. या बर्गरसाहेबांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

यानंतरची जोडी वाचताना माझी मौज संपली. यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा अध्यक्ष होता जेफरसन डेव्हिस. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणारा हा मुख्य माणूस. त्याच वेळी उत्तरेच्या सैन्यात इंडियानाचा एक अधिकारी होता, त्याचेही नाव जेफरसन डेव्हिस. एप्रिल १८६१ मध्ये बंडखोरांनी समटर किल्ल्यावर तोफा डागून युद्धाला तोंड फोडले, तेव्हा हा दुसरा डेव्हिस किल्ल्याच्या आत होता. म्हणजे बाहेरून तोफा डागणारे सरकार जेफरसन डेव्हिसचे आणि आत गोळे झेलणारांमध्येही एक जेफरसन डेव्हिस. यानंतर कोणालाही वाटेल की, एक डेव्हिस गुलामांचा वैरी तर दुसरा त्यांचा तारणहार. मलाही तसेच वाटले.

९ डिसेंबर १८६४ रोजी जॉर्जिया राज्यातील एबनेझर नावाच्या ओढ्यावर काय घडले ते सांगते. जनरल शर्मनचे सैन्य समुद्राकडे कूच करत होते आणि मळ्यांमधून मुक्त झालेली शेकडो गुलाम माणसे, बायका-मुलांसह, त्या सैन्याच्या मागोमाग चालत होती. सैन्य हाच त्यांचा आसरा. थंडीचे दिवस, ओढ्याला भरपूर पाणी. सैनिकांनी तरत्या नावांचा पूल टाकला. जनरल डेव्हिसच्या हुकमाने आधी सैन्य पार झाले आणि शेवटचा सैनिक पलीकडे जाताच, मागची माणसे अजून अलीकडच्या काठावरच असताना, पूल काढून घेण्यात आला. मागून बंडखोरांचे घोडेस्वार येत होते. लोकांनी पाण्यात उड्या घेतल्या. कित्येक बुडाले, कित्येक पकडले जाऊन पुन्हा गुलामीत गेले. या डेव्हिसवर कसलाही खटला झाला नाही.

मात्र या बातमीने राजधानीत खळबळ उडाली. जानेवारी १८६५ मध्ये युद्धमंत्री स्टँटन स्वतः सव्हाना शहरात आले आणि त्यांनी व शर्मनने तेथील वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून, “तुम्हाला काय हवे?” असे विचारले. त्यांनी जमीन मागितली. आपली आपण कसू अशी जमीन. चारच दिवसांनी शर्मनने हुकूम काढला की, किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी. हीच ती जमीन, जी त्याच वर्षी अँड्र्यू जॉन्सनने जुन्या मालकांना परत देवविली. सरांनी समासात विचारलेल्या प्रश्नाचे वजन मला हे वाचल्यावर कळले.

आता ज्या नावासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळते. ते नाव म्हणजे वॉशिंग्टन. पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याला स्वतःचे मूल नव्हते. तरीही २००० सालच्या अमेरिकन जनगणनेत या आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसे नोंदली गेली आणि त्यांतील शंभरात नव्वद कृष्णवर्णीय होती. हे कसे झाले? गुलामांच्या मालकाच्या वहीत गुलामाचे फक्त पहिले नाव असे. बैल-घोड्यांप्रमाणेच, पुढे किंमत लिहिलेली. १७९९ साली जॉर्ज वॉशिंग्टन वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यावर अशी ३१७ माणसे होती. गुलामांनी आपापसात आडनावे ठेवलेली असत, पण ती वहीत चढत नसत. १८६५ नंतर ही माणसे शाळेत, फौजेत, दुकानात जाऊ लागली तेव्हा पहिला प्रश्न आला, “पूर्ण नाव काय?” कोणी जुन्या मालकाचे आडनाव सांगितले, कोणी मुद्दाम ते टाळून दुसरे घेतले, कोणी थोर माणसाचे घेतले.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. व्हर्जिनियातील एका मळ्यावर ते गुलाम म्हणून जन्मले. आपली जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती. (माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. आमच्या गावात त्यांच्या वयाच्या निम्म्याअधिक माणसांची जन्मतारीख १ जूनच आहे. ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवली.) मुक्ततेनंतर कुटुंब पश्चिम व्हर्जिनियात गेले आणि लहानगा बुकर मिठाच्या भट्टीवर कामाला लागला. तेथे प्रत्येक कामगाराच्या पिंपांवर त्याचा आकडा घालत. बुकरच्या सावत्र वडिलांचा आकडा होता १८. तो या मुलाला वाचता आलेला पहिला मजकूर. पुढे पहाटेपासून नऊपर्यंत काम करून मग शाळेत जायचे, अशी परवानगी मिळाली. वर्गात हजेरी सुरू झाली आणि त्याच्या लक्षात आले की, प्रत्येक मुलाला दोन नावे आहेत, काहींना तर तीन. आपल्याला एकच! आपली पाळी येईपर्यंत त्याने विचार केला आणि शिक्षकांनी विचारताच, जणू जन्मापासून तेच आहे अशा शांतपणे सांगितले, “बुकर वॉशिंग्टन.” सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने जन्मतः ठेवलेले ‘टॅलिआफेरो’ हे नाव त्यांना पुढे कळले आणि ते त्यांनी मध्ये घातले, तेच ‘टी’.

वर्गात हजेरी चालू आहे, नावे जवळ येत चालली आहेत आणि हा मुलगा मनातल्या मनात स्वतःला नाव शोधतो आहे, हे वाचताना मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागले. पुढे १८७२ साली हाच मुलगा पुष्कळशी वाट पायी तुडवत हॅम्प्टनच्या विद्यालयात पोहोचला. तेथे प्रवेश परीक्षा म्हणून त्याला एक वर्ग झाडायला सांगितला. त्याने तो तीनदा झाडला आणि चारदा पुसला. १८८१ साली त्यांनी टस्कीगी येथे स्वतः विद्यालय उभे केले.

त्याच टस्कीगीत १८९६ साली बुकर वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून आणखी एक वॉशिंग्टन आले. मराठी वाचकांना त्यांची ओळख करून द्यायला नको. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली निघालेले पुस्तक आमच्या गावच्या शाळेतही होते, आणि त्या कपाटातले सर्वांत फाटलेले पुस्तक तेच होते. परंतु जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना ‘वॉशिंग्टन’ हे नाव कोठून मिळाले हे मला आताच कळले. मिसुरीतील मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या घरी ते गुलाम म्हणून जन्मले. तान्हे असताना आईसह त्यांना पळवून नेण्यात आले. बाळ परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. लहानपणी लोक त्यांना ‘कार्व्हरचा जॉर्ज’ म्हणत. शिकण्यासाठी गावोगाव हिंडत ते कॅन्ससमधील मिनीॲपोलिस या गावी आले, तर तेथे आणखी एक जॉर्ज कार्व्हर राहत होता आणि यांची पत्रे त्याच्याकडे जाऊ लागली. म्हणून यांनी मध्ये ‘डब्ल्यू’ हे अक्षर घातले. कोणीतरी विचारले, हे वॉशिंग्टन का? तर ते म्हणाले, का नसावे? असे त्यांच्या चरित्रात सांगितलेले आढळते. म्हणजे केवळ पत्रांच्या घोटाळ्यातून हे भारदस्त नाव जन्मले! पण नाव भारदस्त असून काय उपयोग? हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला होता, आणि प्रत्यक्ष दारात उभे राहिल्यावर रंग पाहून तो नाकारला.

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेची वार्ता आपल्याकडे तेव्हाच पोहोचली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला तो अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना. अभ्यासक्रमात हा ग्रंथ मी मराठीच्या तासाला ऐकला होता आणि अमेरिका इतिहासाच्या तासाला. दोन्ही एकाच गोष्टीची टोके आहेत हे तोवर ध्यानात आले नव्हते.

त्या सज्जनांमध्ये केंटकीचा कॅसियस मार्सेलस क्ले हा एक. १८१० साली तो एका मोठ्या गुलाममालकाच्या घरी जन्मला. येल विद्यापीठात असताना गुलामगिरीविरुद्धचे एक व्याख्यान ऐकून त्याचे मन पालटले. आपल्या स्वतःच्या मालकीचे गुलाम त्याने मुक्त केले. १८४५ साली लेक्सिंग्टनमध्ये गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र काढले. लोक छापखान्यावर चालून येतील म्हणून त्याने तेथे दोन छोट्या तोफा मांडून ठेवल्या होत्या! पुढे लिंकनने त्याला रशियात वकील म्हणून पाठवले. १९०३ साली तो वारला.

त्याच्यानंतर नऊ वर्षांनी त्याच राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात मुलगा झाला आणि त्याच्या वडिलांनी मोठ्या आदराने त्याचे नाव ठेवले कॅसियस मार्सेलस क्ले. मुलगा मोठा होऊन पाट्या रंगवू लागला. १७ जानेवारी १९४२ रोजी लुइव्हिल येथे त्याला मुलगा झाला. त्याचेही नाव कॅसियस मार्सेलस क्ले. हा तिसरा क्ले १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक घेऊन आला. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि पुढच्या पंधरवड्यातच त्याने जाहीर केले की, क्ले हे गुलामाचे नाव आहे, मला ते नको, माझे नाव मुहम्मद अली.

येथे मी बराच वेळ घोटाळले. ते नाव तर गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या माणसाचे! आजोबांनी किती श्रद्धेने ठेवलेले! मग ते गुलामाचे कसे? मी सरांना विचारले. ते म्हणाले, “नाव चांगल्या माणसाचे होते, पण आडनाव कोणाचे होते?” क्ले हे आडनाव त्या कुटुंबाकडे मुळात आले ते गोऱ्या मालकांच्याच जगातून. चांगला मालक झाला तरी तो मालकच. फुल्यांचा ग्रंथ वाचलेल्या मुलीला हे दुसऱ्याने सांगावे लागले याची मला लाज वाटली. तरीपण आजोबांविषयीही मला वाईट वाटते. त्यांच्यापाशी देण्यासारखे जे उत्तमात उत्तम नाव होते ते त्यांनी दिले होते.

नाव टाकणे सोपे, ते लोकांकडून टाकवून घेणे कठीण. वर्तमानपत्रे कित्येक वर्षे त्याला क्लेच म्हणत राहिली. अर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्याने तर मुद्दाम त्याला जुन्या नावाने हाक मारली. ६ फेब्रुवारी १९६७ रोजी ह्यूस्टन येथे झालेल्या लढतीत अली त्याला ठोसे मारता मारता पुन्हा पुन्हा विचारत होता, “माझे नाव काय?” पंधरा फेऱ्या तो प्रश्न चालला होता म्हणा ना. याउलट मार्टिन ल्यूथर किंग यांची गोष्ट. जन्मतः त्यांचे नाव मायकेल. १९३४ साली वडील जर्मनीला जाऊन आले आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्यावरून त्यांनी स्वतःचे व मुलाचेही नाव बदलले. मुलाने ते नाव टाकले नाही. आज मार्टिन ल्यूथर म्हटले की आपल्याकडे तरी आधी तेच आठवतात.

त्याच १९६७ सालच्या एप्रिलमध्ये व्हिएतनामच्या युद्धावर जाण्यासाठी सैन्यभरतीत अलीचे नाव पुकारले गेले, पण तो जागचा हलला नाही. पाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, जगज्जेतेपद काढून घेण्यात आले, भर उमेदीची तीन वर्षे त्याला लढू दिले नाही. शेवटी २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. तेव्हाचे सरन्यायाधीश म्हणजे आपले मघाचे वॉरन अर्ल बर्गर. अली जिंकला. परंतु कायद्याच्या पुस्तकात त्या खटल्याचे नाव आजही ‘क्ले विरुद्ध अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ असेच छापलेले आहे.

जाता जाता संपादक मंडळाला एक विनंती. या लेखाखाली माझ्या नावापुढे वर्ग, तुकडी आणि हजेरी क्रमांक तिन्ही छापावेत. मागच्या अंकात ‘पहिली’ची कविता आली होती, तेव्हा आमच्या गावात ती माझीच समजून वडिलांनी पेढे वाटले. कविता कशाशी खातात हे मला ठाऊक नाही. पण वडिलांना ते अजून सांगितलेले नाही.